एकाच गंजातलं वरण

आईच्या आजारपणात आम्ही चंद्रपूरच्या एका दवाखान्यात होतो. तिथल्या स्वयंपाकघराच्या सुपरवायझर बाई तेव्हा रोज दिसायच्या. नाव विचारायचं राहून गेलं. पदर खोचून त्या जेवणाच्या गाडीमागे स्वतः फिरत. वाढण्याआधी गंजातलं, म्हणजे मोठ्या पातेल्यातलं, वरण तळहातावर घेऊन चाखत आणि कुणी ताट सरकवलं की त्याच्या खाटेपाशी बसत. "काऊन माय, खारट झालं का?" असं त्यांनी विचारलं की आई दोन घास जास्त खायची.

एक दिवस वरून पाहणीला साहेब आले. त्यांच्यासाठी घट्ट वरण वेगळं शिजलं, त्यात डाळ संपली, आणि वॉर्डात नुसतं पिवळं पाणी आलं. जेवून तृप्त झालेल्या साहेबांनी वॉर्डात येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "काय बाई, कामात समाधान आहे ना?"

"तुमचं अन् या लोकाईचं वरण एकाच गंजातलं असन, तवा विचारजा साहेब."

दुसऱ्या दिवशी त्या गाडीमागे नव्हत्या. त्यांना दवाखान्याच्या लाँड्रीत टाकलं होतं. मी तणतणत ऑफिसात गेलो.

"पगार तोच, ताप कमी. आणखी काय पाहिजे त्यांना?" बाबू मान वर न करता म्हणाला. मी तिथून तडक बाईंना गाठायला निघालो.

लाँड्रीत बाई चादरींच्या घड्या घालत होत्या. "तुमच्यासाठी मी भांडतो," मी म्हणालो.

"राहू द्या भाऊ. इथी लय आराम आहे. चादरीले भूक नाई लागत."

एवढं बोलून हातातली चादर त्यांनी ढिगावर आदळली.