आवाज कसा येतोय?

जपानमधल्या अकिता प्रांतातल्या योकोते गावी शेतीयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात फुमिए सेझाकी चौतीस वर्षं फोनवर बसत होती. पान्याला तिने कधी हात लावला नाही, पण कुठलं यंत्र कशाने अडलंय हे तिला खुर्चीत बसून कळायचं. काय बिघडलंय, असं ती विचारायचीच नाही. ते शेतकऱ्याला ठाऊक असतं तर त्याने फोन कशाला केला असता? ती विचारायची, आवाज कसा येतोय. क्युरुक्युरु म्हटलं की पट्टा सैल, गारागारा म्हटलं की आत काहीतरी जड सुटलंय. हे शब्द तिथे बोबड्या पोरालाही येतात.

मालकाचा मुलगा कोहेइ याला हा पोरखेळ वाटे. त्याने छापील तक्ता आणला: मॉडेल, साल, यंत्राच्या पडद्यावर दिसणारा बिघाडाचा आकडा. फुमिएने तो नीट घडी करून चहाच्या कपाखाली ठेवला.

ऐन कापणीत, भर दुपारी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या नोबू सुगावाराबाईंचा फोन आला. भात वाळवायचं यंत्र फिरत होतं, पण भात वाळत नव्हतं. ओलं भात तसंच राहिलं तर तापून पिवळं पडणार आणि अख्खं पीक हातचं जाणार. वसंतात नवऱ्याने लावलेलं ते शेवटचं पीक. तो वारल्यापासून यंत्राला त्यांनी आज पहिल्यांदाच हात लावला होता. दुकानातले दोन्ही मिस्त्री डोंगरापलीकडे गेलेले. कोहेइने कपाखालचा तक्ता ओढून तिच्यापुढे सरकवला. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आवाज कसा येतोय, नोबूसान?"

"काराकारा. ह्यांच्या वेळी झाऽ झाऽ असा यायचा."

म्हणजे भात वर नेणारे डबे रिकामेच फिरताहेत, भात वर चढतच नाहीये. फुमिएने आधी वीज बंद करायला लावली, मग खालचं छोटं झाकण उघडून तिथे अडकलेला पेंढा ओढून काढायला आणि झाकण लावून यंत्र पुन्हा चालू करायला सांगितलं. नोबूबाई कचरल्या.

"अगं, यंत्र ह्यांचं. मला काय कळतंय त्यातलं?"

"काराकारा कळलं ना? मग बाकीचंही कळेल. ओढा."

दहा मिनिटं गेली. कोहेइ घड्याळ बघत राहिला, फुमिए मात्र निवांत होती. मग धापा टाकत नोबूबाई फोनवर आल्या.

"झाऽ येतोय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे रोज तासन्‌तास यंत्रापाशी आवाज ऐकत उभे राहायचे. रिकामटेकडे म्हणायचे मी त्यांना."

उद्या सकाळी मिस्त्री पाठवते, फुमिए म्हणाली.

"नको पाठवूस," नोबूबाई म्हणाल्या. "आता मी उभी राहते तिथे."