माझ्या हँडलचं माप

अन्याय झाला तो मिक्सर दुरुस्त करणाऱ्या एका काकांवर. मागच्या वर्षी, संक्रांतीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी पावणेसातला, नदीकाठच्या ट्रॅकच्या तोंडाशी. अन्याय करणारी मी. कोणावर, कधी आणि कोणी केला, हे पत्रकात पहिल्या तीन ओळींत आलं पाहिजे, असं मी आमच्या नागरिक गटातल्या नव्या लोकांना शिकवते. मग इथे वेगळं कशाला.

बाबा नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले तेव्हा आम्ही नाशिकरोड सोडून इकडे राहायला आलो. इकडे म्हणजे गंगेपासून सात मिनिटांवर. गोदावरी हे नाव अर्जात लिहायचं, बोलताना गंगाच. सकाळी बाबा ट्रॅकवर चालायचे आणि मी सायकल काढायची. थंडीत पाण्यावर इतकी वाफ असते की पलीकडचा काठ दिसत नाही. पाणवेलींवरून बगळे पाय उचलत जातात. एका वळणावर नाला नदीला मिळतो, तिथे सगळे बोलणं थांबवून श्वास धरतात आणि वळण संपलं की अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करतात. मला तो ट्रॅक आवडायचा, त्या वासासकट.

काका तिथेच भेटले. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. हाताने पॅडल फिरवायची तीनचाकी, मागच्या दांड्याला लोकांची मिक्सरची भांडी अडकवलेली. आधी खडखडाट यायचा, मग काका. घर ट्रॅकच्या वरच्या टोकाला, टपरी खालच्या टोकाला पुलाजवळ. रस्त्याने जायचं तर मध्ये मोठा चढ, आणि त्या चढावर बस, रिक्षा, डंपर सगळेच घाईत. ट्रॅक सपाट. आम्ही तिथे हवा खायला जायचो, काका कामाला जायचे.

मी मागून आले की ते न बघता ओळखायचे.

"ताई, चेनला तेल घाला. आमच्याकडे जळायला आलेला मिक्सर येतो ना, तो असाच ओरडतो."

"तुम्ही आधी बाजूला व्हा काका, पूर्ण रस्ता अडवलाय."

"नाही होणार. आमचं वाहन अवजड आहे."

उंबरापर्यंत आमची शर्यत लागायची. बहुतेक वेळा तेच जिंकायचे. त्यांचे खांदे कुठल्याही जिमवाल्याला लाजवतील असे होते.

मग मोटारसायकली आल्या. सिग्नल चुकवायला ट्रॅकवरून काढायला लागले. पहिल्यांदा एखाददुसरी, मग रांगच. एका सकाळी बाबांना मागून धक्का बसला, ते पडले आणि मनगट मोडलं. बाइकवाला थांबला नाही. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'ट्रॅक चालणाऱ्यांचा, इंजिनांचा नाही.' मागणी एकच: प्रत्येक तोंडाशी लोखंडी खांब रोवा. एक मागणी, एक कागद, ही माझी पद्धत. मागण्या वाढल्या की साहेब त्यातली सर्वांत सोपी उचलतात आणि बाकीच्या कचऱ्यात जातात.

पहिली सही काकांची. त्यांनी मांडीवर पॅड घेतलं, पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "खांब म्हणजे, माझीपण गाडी बंद करताय का काय?"

मी हसले. म्हणाले, "तुमची कशी बंद होईल काका? तुमच्यासाठीच तर करतोय."

ते पण हसले आणि सही केली.

काकांचं ते वाक्य मी लिहून ठेवलेलं नाही, तरी ते जसंच्या तसं आठवतं. त्या माणसाने मला सरळ प्रश्न विचारला होता. मी तो विनोद समजले, कारण मला तो विनोद असायला हवा होता.

आम्ही रोज सकाळी ट्रॅकवर उभे राहिलो, महापालिकेच्या ऑफिसात बसून राहिलो, आणि शेवटी संबंधित साहेबांनी माणूस पाठवला. तो हातात टेप घेऊन विचारायला लागला, "मॅडम, गॅप किती ठेवू?" मी माझी सायकल आडवी धरली. हँडलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर चार बोटं जास्त. तो म्हणाला, "अजून थोडं आवळलं तर स्कूटीपण अडेल." मी म्हटलं, आवळा. त्याने सव्वादोन फूट लिहून घेतलं. त्या क्षणी मला इतकं शहाणं वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, खांब उभे राहिले; रविवारी काकांची टपरी बंद असायची. आम्ही तिथेच तिळगूळ वाटला. सोमवारी मी मोबाइल घेऊन उभी होते, परत फिरणाऱ्या मोटारसायकलींचा व्हिडिओ काढायला. दोन फिरल्या. मग खडखडाट आला.

काकांनी आधी सरळ घातली. मागचं चाक खांबाला लागलं. मागे घेतली, तिरकी घातली, मग मागचा दांडा अडकला आणि एक भांडं खाली पडून नाल्याच्या बाजूला गडगडत गेलं. मी ते आणून दिलं. माझा मोबाइल अजून चालूच होता, तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. शेवटी फक्त माझी चप्पल आणि त्यांचं पुढचं चाक दिसतं.

"माप कोणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"हं." त्यांनी खांबाकडे पाहिलं, मग माझ्या सायकलकडे. "दोन दिवसांत होईल का?"

"होईल," मी म्हटलं.

त्यांनी गाडी वळवली आणि चढाच्या दिशेने गेले.

दोन दिवसांत झालं नाही. साहेबांनी फाइल उघडून माझ्यासमोर धरली. वरच माझं पत्रक, झेरॉक्स करून लावलेलं, मथळ्याखाली लाल रेघ. "तुमच्याच मागणीवरून बसवलेत. आता तुम्हीच काढा म्हणताय. उद्या बाइकवाले घुसले की परत तुम्हीच येणार." मी म्हटलं, एक खांब थोडा सरकवा. ते म्हणाले, वापरणाऱ्यांकडून तक्रार नाही. मी म्हटलं, ज्याची तक्रार आहे त्याला वापरताच येत नाही. साहेबांनी चहा मागवला. मी प्यायले, तेही लिहिते.

सकाळच्या मंडळींकडे गेले. त्यांच्यातल्या एका रिटायर्ड काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एवढ्या मुश्किलीने शांतता मिळाली आहे गं. एका माणसासाठी परत सगळं उकरू नकोस." आमच्या गटातही हेच, फक्त शब्द जास्त चांगले. 'आपली विश्वासार्हता' वगैरे.

आणि शांतता तरी कुठे आहे. पावसाळ्यात नाल्याजवळची भिंत कोणीतरी पाडली. तिथून मोटारसायकली पुन्हा येतात, आधीपेक्षा जोरात; त्या राडारोड्यावरून तीनचाकी मात्र चढत नाही. बाबांनी ट्रॅक सोडला, ते आता गच्चीवर चालतात. म्हणजे आज ते खांब एकाच माणसाला अडवतात. माझ्या पत्रकाचं शिल्लक राहिलेलं काम ते एवढंच.

काकांनी काही महिने चढावरून ये-जा केली. कोणी ढकललं तर वर, नाही तर वाट बघत कडेला. मग एका बसच्या आरशाने खांद्याला मार बसला. ज्याच्या जोरावर गाडी चालायची तोच खांदा. टपरी बंद झाली. आता घरी काम करतात, पण त्यांच्या बोळात मिक्सर घेऊन कोण येणार. मी गेले तेव्हा पुढ्यात एकच इस्त्री होती, तीही शेजारणीची. तीनचाकी दारात, तिच्या सीटवर कपडे वाळत होते.

मी माफी मागायची म्हणून गेले होते. काही वाक्यं तयार केली होती. त्यांनी ती पुरी होऊ दिली नाहीत.

"नवीन पत्रक काढाल ना, तेव्हा मोजायला मला बोलवा," ते म्हणाले. "आम्हाला दारं मोजायची सवय असते."

त्यात टोमणा होता. असायलाच हवा होता. मग त्यांनी वाकून स्वतःच्या हाताने गाडीचं माप घेतलं आणि सांगितलं, "तीन फूट. लिहा." मी लिहिलं.

त्यानंतर सात अर्ज दिले. सातही त्याच फाइलला, माझ्याच पत्रकाखाली लागले आहेत. परत संक्रांत येऊन गेली. मला आता वाटत नाही की माझ्या सहीने तो खांब हलेल. माझी सही त्या खांबाच्या बाजूने आधीच खर्च झाली आहे.

ट्रॅकवर चालणाऱ्यांनो, तुमची झालेली नाही. साहेबांना वापरणाऱ्यांची तक्रार हवी आहे, आणि वापरता तुम्ही. रोज सकाळी त्या दोन खांबांमधून तुम्ही अंग चोरून जाता, मी पाहिलं आहे. उद्या घरातून टेप घेऊन निघा. अंतर स्वतः मोजा. कागदावर लिहा: आहे सव्वादोन फूट, पाहिजे तीन. खाली सही करा, आवकच्या खिडकीवर द्या आणि पोच घ्या. ती पोच हातात येईपर्यंत त्या ट्रॅकवर पाऊल टाकू नका.