वाडग्यात मुरलेली हळद

आई हीथ्रोहून परत निघाली, तेव्हा व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीने तिची पर्स तिच्या मांडीवर ठेवली. आईने वळून पाहिलं नाही. सहा महिन्यांसाठी आलेली, पाचव्या आठवड्यात निघाली. ताई, तुला मी नागपूरला फोनवर सांगितलं की तिला थंडी सोसत नाहीये. इथल्या मित्रांनाही तेच. ते खोटं होतं.

घटस्फोटानंतर लंडनजवळ रीडिंगला मी हे घर घेतलं. पांढरं, ओपन प्लॅन किचन. त्यात शोभेची वस्तू एकच: चहाचा जपानी वाडगा. दुधाळ रंग, आणि झिलईत केसासारख्या बारीक रेघांची जाळी. विकणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, हा रोज वापरायचा; चहा रेघांत मुरतो, रंग पालटतो, त्याचंच तिकडे कौतुक. मी मान डोलावली आणि वाडग्यावर स्पॉटलाइट लावला.

आईने लिंबाचं लोणचं घातलं. धातूत कळकतं, प्लॅस्टिकला वास धरतो, म्हणून तिने चिनी मातीचं मोठं भांडं शोधलं. घरात तसं तेवढं एकच होतं. मिल्टन कीन्स गावातलं ऑफिसचं काम आटोपून मी दोन दिवसांनी आलो, तर वाडगा भरलेला, वर बशी झाकलेली. रिकामा केला. रेघ न् रेघ पिवळी.

"आई, हे तुझं स्वयंपाकघर नाही."

"नाही रे. माझं कसं असेल," ती म्हणाली आणि ओट्यावरचा हात काढून घेतला.

सकाळी ती सोडा लावून वाडगा घासत बसली होती. मग सगळंच विचारून. हा टॉवेल घेऊ का, या कपात पाणी पिऊ का. मी लॅपटॉपमधून मान न काढता हो म्हणायचो. शेवटी तिनेच तिकीट अलीकडे घ्यायला सांगितलं. मी थांब म्हणालो नाही. घरी परतल्यावर त्याच उन्हाळ्यात ती वारली.

खरं सांगतो, मी डागावर चिडलोच नव्हतो. मुरणं हाच त्या मातीचा धर्म, हे मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी ऑफिसची माणसं जेवायला येणार होती, घरभर हिंग-मोहरीचा वास होता, आणि मला आईची लाज वाटली.

भारतातलं घर म्हणजे ती होती. आता कोणी घर कुठे म्हणून विचारलं तर इथलाच पत्ता सांगतो. माझ्या आईने पाणी प्यायला कप विचारून घेतला, ते हे घर. मला दुसरं नाही.