हेलिकॉप्टरखालचं तणस

काल सकाळी धावपट्टीवर एक खिळा सापडला. बोटभर लांब, गंजलेला... कुठून आला देव जाणे. डब्यात टाकला आणि मग दिवसभर गाव डोळ्यांपुढून हललं नाही.

आधी एक सांगून टाकतो. मी इथं बंगलोरच्या विमानतळावर कंत्राटी सफाईत आहे. उजाडताना आम्ही दहा-बाराजण धावपट्टीवर एका ओळीत चालतो, नजर खाली. खडा, नट, प्लॅस्टिकचा तुकडा, दिसेल ते उचलायचं. एवढासा खडा इंजिनात गेला तरी आतली पाती मोडतात.

गावात मात्र मी 'विमानाचं काम करतो' एवढंच सांगितलं होतं. पुढचं लोकांनी जोडलं आणि मी ते खोडलं नाही... सातवी नापास माणसाला कोणी मेकॅनिक म्हटलं तर बरं वाटतं.

आमचं गाव आलापल्लीच्या पुढं, जंगलात. तीन पावसाळ्यांमागं सुट्टीवर गेलो आणि गावाच्या दोन्ही बाजूचे नाले भरले. त्यातच सुमन वहिनीचा मलेरिया डोक्यात गेला. दादालाही ओळखेना. आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले, माझ्या हातात होतं ते केलं, आता गडचिरोलीला न्यावंच लागेल.

गाड्यांचं मला लहानपणापासून वेड. माझं आजही मत आहे, आमच्या रस्त्याला जुनी जीपच पाहिजे... लिव्हर ओढला की चारही चाकं जोर लावतात. नव्या गाड्या दिसायला देखण्या, पण चिखलात रुसून बसतात. त्या दिवशी मात्र पुलावर छातीभर पाणी. तिथं जीप तरी काय करणार?

सरकारला मी खूप शिव्या घातल्या आहेत, पुढंही घालीन. पण पोलीस ठाण्यातला वायरलेसवाला शिपाई दोन दिवस खुर्चीवरून हलला नाही, हेही लिहिलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच धावत येऊन सांगितलं... अकरा वाजता हेलिकॉप्टर येतंय, पेशंटला तयार ठेवा.

शाळेच्या पटांगणावर पोचलो आणि जागीच थांबलो. सगळ्या पटांगणावर तणस अंथरलेलं! आमच्याकडं मांडवात चिखल झाला की पाहुण्यांसाठी धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, टाकतात. हेलिकॉप्टर म्हणजे पाहुणाच. लोकांनी बैलांसाठी राखलेले ढीग फोडून आणले होते. पुरात अडकलेले तालुक्याचे एक साहेब उभे राहून कुठं कमी पडलं ते दाखवत होते.

मी ओरडलोच. "काढा हे! पंख्याच्या वाऱ्यानं सगळं उडन. पायलटले जमीन नाई दिसन, मशीनमधी जाईन. उतरनारच नाई तो!"

साहेबांनी वरून खालपर्यंत पाहिलं. "शिक्षण किती तुझं?"

"सातवी."

"मग पायलटचं पायलटला पाहू दे."

शेजारचे डोमाजी काका तर चिडलेच. "माया बैलाच्या तोंडचं आनलं बे हे. तुले कचरा दिसते? काऊन, तिथी विमानं तूच उडवतेस का?"

"नाई काका. मी तिथी झाडतो. खडे वेचतो. तेवढंच येते मले."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दादा कोपऱ्यात वहिनीच्या खाटेजवळ बसला होता, तिचं डोकं धरून. बा बाजूलाच होता, तळ्यावरून तसाच आलेला, खांद्यावर ओलं जाळं. दोघंही माझ्याकडं पाहत होते... मी खाली वाकलो आणि एका टोकापासून तणस गोळा करू लागलो.

पहिल्या आल्या डोमाजी काकांच्या घरच्या काकू. मग बाकीच्या बाया. मी म्हणालो, एका ओळीत चला, मधी जागा सोडू नका. काकू म्हणाल्या, "ओळ आमाले नको शिकवू. जन्म गेला रोवण्यात." खरंच होतं ते. फरक एवढाच, रोवण्यात, म्हणजे धान लावताना, बाया मागं सरकतात, आम्ही धावपट्टीवर पुढं जातो. तणस निघालं, मग खडे निघाले, बाटलीची झाकणं निघाली. थोड्या वेळानं पाहतो तर ओळीच्या शेवटी साहेब, पँट वर दुमडून वाकलेले. डोमाजी काका तणसाचे भारे बांधत होते, माझ्याकडं न पाहता.

हेलिकॉप्टर आलं. वर एक चक्कर मारली, दुसरी मारली... मग सरळ खाली उतरलं. कोणाची तरी टोपी उडाली, बाकी काही नाही. पायलट पाच मिनिटं उतरला होता, वहिनीला आत चढवेपर्यंत. जमीन कोणी साफ केली, हे त्यानं विचारलं नाही. का विचारावं? साफ जमीन कोणाला दिसत नसते.

वहिनी वाचली. महिनाभरानं घरी आली. उजव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही तिच्या डाव्या हाताला बसून बोलतो.

त्या दिवशी हेलिकॉप्टर झाडांवरून दिसेनासं झाल्यावर बा जवळ आला. "हेच काम करतेस तिथी?"

"हो बा."

बा जाळ्यातल्या काड्या काढत राहिला. मग म्हणाला, "मंग नीट पाहून चालत जाय."

काल खिळा डब्यात टाकला तेव्हा सकाळचं पहिलं विमान उठलं. आत कोण होतं मला माहीत नाही... असेल कोणाची तरी वहिनी.