जरा माझा माग बघ

परवा भर दुपारी, इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरात, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि मी कोण, तर कॉलेजात बायोलॉजी शिकवणारी बाई... भुताखेतांच्या गोष्टींना सगळ्यात आधी हसणारी!

पण ते सांगायचं तर तीसेक वर्षं मागं जायला हवं.

इंदूरच्या मिल्स एकेक करून बंद पडत होत्या तेव्हाची गोष्ट. कोपऱ्यावर नवा एसटीडी बूथ उघडला होता, टीव्हीवर रोज नवी जाहिरात... आणि आमचे बाबा घरी बसले होते. ते मिलमध्ये विणकर. मागांच्या खडखडाटात तिथं कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून ही माणसं हातांनी बोलायची. धागा तुटला, साहेब आला, चहा आला, सगळ्याला खूण.

त्याच सुमारास कळलं की दादाच्या मुलीला, मिनीला, जन्मापासून ऐकू येत नाही. वहिनी पोटुशी असताना तिला अंगावर पुरळ उठून ताप आला होता. तेव्हा कुणी मनावर घेतलं नव्हतं.

बाळ पोटात असतानाच मेंदूच्या वरच्या थरावर, कॉर्टेक्सवर, जागा आखल्या जातात... ही बघण्याची, ही ऐकण्याची, ही स्पर्शाची. नव्या कॉलनीत प्लॉट पाडतात ना, तसं. पण तिथं शेवटी कोण राहणार, हे पुढं डोळ्या-कानांकडून काय येतं त्यावरही ठरतं. कानाकडून काहीच आलं नाही तर ती जागा ओस पडत नाही, शेजारचे, म्हणजे बघणं नि स्पर्श, येऊन राहतात. हे सगळं मला पुढं शिकताना नीट उमगलं.

डॉक्टरबाईंनी वहिनीला एवढंच सांगितलं, "भाषा लवकर द्या, हातांची का होईना. ही वर्षं परत येत नाहीत." वहिनी घरी येऊन रडत बसली. हातांची भाषा आणायची कुठून?

मिनीचे हाल बघवायचे नाहीत. वहिनी जरा नजरेआड झाली की पोर जमिनीवर डोकं आपटायची. हाक ऐकू येत नाही, "आत्ता येते हं" कळत नाही... तिच्या लेखी आई दर वेळी कायमचीच जायची.

आणि तिकडे बाबा. मिलचा भोंगा थांबला तसं त्यांचं बोलणंच आटलं. पण दुपारी खोलीत एकटे बसले की हात चालू व्हायचे, समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून. मध्येच थांबायचे, मान डोलवायचे... पलीकडून उत्तर आल्यासारखे. पाणी प्यायला उठताना ठरलेली खूण... छातीवर हात, मग दोन बोटं डोळ्यांशी, मग तळवा खाली.

"बाबा, कुणाशी बोलताय?" मी एकदा विचारलंच.

"बाबूभिया है ना," अगदी सहज म्हणाले. "त्याला सांगितलं, जरा माझा माग बघ. पानी पीके आता हूँ."

बाबूभिया म्हणजे बाबांच्या शेजारच्या मागावरचे. मिल बंद झाली त्याच उन्हाळ्यात ते वारले होते. खरं सांगते, मला भीती वाटली.

मग एका दुपारी वहिनीनं मला हाताला धरून त्या खोलीच्या दारात नेलं. "वन्सं, बघा तर. मला तर डर लागतोय."

बाबा खाटेवर झोपले होते. मिनी एकटीच कोपऱ्याकडे तोंड करून उभी होती. तिनं बाहुली जमिनीवर ठेवली. छातीवर हात, दोन बोटं डोळ्यांशी, तळवा खाली... थोडी थांबली, मान डोलावली आणि शांतपणे माठाकडे गेली.

वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "उद्यापासून पोरीला इकडे फिरकू देणार नाही मी!" पण तेवढ्यात मिनी पाणी पिऊन परतली. बाहुली जागेवर आहे बघून हसली. वहिनीनं माझा हात सोडला.

"वन्सं... म्हणजे नजरेआड गेलेलं माणूस परत येतं, हे हिला कळतंय?"

दुसऱ्या दिवशी नळावर निघताना वहिनीनं बादली खाली ठेवली, बाहुली मिनीच्या मांडीवर दिली आणि चाचरत तीच खूण केली. मिनी रडली नाही. बाहुलीवर हात ठेवून दाराकडे बघत बसून राहिली. वहिनी अर्धी बादली घेऊनच धावत आली, मिनीला जागेवर बघितलं, आणि उंबऱ्यात बसून हमसाहमशी रडली.

त्यानंतर तीच मिनीला रोज दुपारी बाबांसमोर बसवायची. पुढं शाळा मिळाली, रीतसर सांकेतिक भाषा मिळाली, पण पाया मात्र मिलचा. बाबांना दवाखान्यात नेलं त्या दिवशी रिक्षात बसण्याआधी त्यांनी मिनीला तीच खूण केली. ते परत आले नाहीत... पोर कितीतरी दिवस त्यांच्या खाटेपाशी राखण करत बसायची.

तर परवा मिनी आली होती, सहा महिन्यांची लेक घेऊन. लेकीचे कान एकदम तेज! मिनीला बाजारात जायचं होतं. मी बाबांच्या खोलीत बसले होते, तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि खूण केली... जरा माझा माग बघ. मी मान डोलावली.

पण मिनी माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून ती मागं, त्या कोपऱ्याकडे बघत होती. ती गेली, आणि मांडीवरच्या बाळानं मान वळवून तिकडेच बघितलं... आणि खुदकन हसलं.

याचंही काहीतरी उत्तर बायोलॉजीत असेल. असू दे. मी वळून बघितलं नाही, बाळाला घट्ट धरून मनातल्या मनात एवढंच म्हटलं... बाबा, बसा आता निवांत. माग चालू आहे.