आमेन होईपर्यंत

नववीत असताना मी अमळनेरच्या आमच्या शाळेत प्रार्थनेचा गट सुरू केला. आम्ही ख्रिस्ती मुलं चार-पाचच. मधल्या सुट्टीत शाळेमागे, खिचडीच्या चुलीसाठी रचलेल्या कपाशीच्या काड्यांच्या आडोशाला बसायचो. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि गट माझा, म्हणून मोठ्याने प्रार्थना मी करायची.

तिथेच मागच्या फाटकाशी एक बाई बोरं विकायला बसे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं की टोपलीवर हात ठेवून ती आमच्याकडे एकटक बघायची. आमची प्रार्थना सुरू झाली की तिची आरोळी मात्र थांबायची.

एके दिवशी 'आमेन' म्हणून डोळे उघडले, तर ती आमच्यात गुडघे टेकून बसलेली. टोपली उपडी, तिच्यावर दोन्ही हात गच्च दाबलेले, बोरं मातीत सांडलेली. मला वाटलं, हीसुद्धा प्रार्थनेला आली.

"झाई का तुमनी प्रार्थना?" तिने हळूच विचारलं. "मंग सरका बठ्ठा जन. खाले साप शे."

आम्ही किंचाळत फाटकापर्यंत पळालो. शिपाईमामा काठी घेऊन धावले. मी लांबूनच ओरडले, "अक्का, हाक का नाही मारली?"

"तुमनं देवसंगे बोलनं चालू व्हतं," टोपली न सोडता ती म्हणाली. "मझार कशी बोलू?"

परीक्षा जवळ आली म्हणून त्या दिवशी मी एकेका विषयासाठी वेगळं मागणं मागितलं होतं. भूमितीसाठी तर दोनदा.