एका घरावर अकरा ठिपके

मंडळी, आज माझ्या हातून झालं ते सांगते. शिव्या घातल्यात तरी चालेल.

सायखेड्याच्या बायकांसाठी मी वेबवर एक नकाशा बनवतेय. जिथे मार खाल्ला, तिथे प्रत्येकीने मोबाइलवरून लाल ठिपका टाकायचा. त्यावर क्लिक केलं की तिने लिहिलेलं उघडतं.

सकाळी तपासताना एकाच घरावर अकरा ठिपके दिसले, एकावर एक. मला वाटलं, नेटवर्क अडकलं असेल, बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं असेल. न वाचताच दहा उडवले.

दुपारी त्या घरच्या काकूंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ताई, हा वरवंट्यानं बोटं ठेचली तवाचा. बाकीचे कुठं गेले?"

"डुप्लिकेट होते काकू, काढले."

त्यांनी खांद्यावरून पदर सरकवला. "हा उलथण्याचा चटका. हा पट्ट्याचा वळ. हे बी डुप्लिकेटच का? काढ मग."

बॅकअपमधून सगळे परत आणले. पुन्हा एकावर एक दडू नयेत म्हणून सेटिंग बदलून शेजारी शेजारी मांडले. तर त्यांचं घरच दिसेना, नुसतं लाल.

खरं सांगा, तुम्ही तरी उघडून वाचले असते का?